‘सत्तर झाले की बस’ आणि साहेबांचे इतर हुकूम

या वेळी वाचकांच्या प्रश्नांतून एकाच दुखण्याची पत्रं निवडली आहेत. हुकूम देणारा माणूस अनुभवी आहे, पण त्याचं तांत्रिक ज्ञान कुठल्या तरी वर्षी थांबलंय. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं गाळली आहेत. उत्तरं त्या त्या कामातल्या जाणकारांची आहेत, त्यामुळे सगळ्यांचा सूर एक नाही.

प्रश्न : एका मालवाहतूक कंपनीचं सॉफ्टवेअर आम्ही चौघं सांभाळतो. आमच्या सरांनी २००९ मध्ये पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत ही सिस्टीम एकट्याने उभी केली. आजही फाइलझिला (फाइली सर्व्हरवर चढवायचं सॉफ्टवेअर) उघडायचं, जुन्या फाइलच्या नावाला ‘जुनी_२’ जोडायचं आणि नवी फाइल थेट लाइव्ह सर्व्हरवर टाकायची, हीच पद्धत. पासवर्ड एमडी५ या जुन्या सांकेतिक रूपात, पीएचपीची आवृत्ती ५.६. गिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नाव काढलं की म्हणतात, “चालतंय ना? मग हात लावू नका.” सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : जिथे परवानगी लागत नाही तिथून करा. गिट तुमच्या मशीनवर चालतं, त्यासाठी सर्व्हरवर काही बसवावं लागत नाही. फक्त कंपनीचा कोड स्वतःच्या खात्यावर बाहेर कुठे चढवू नका. ऑफिसातल्याच एखाद्या मशीनवर मुख्य प्रत ठेवा.

पहिली कमिट (गिटमधली नोंद) तुमच्याकडच्या कॉपीवरून करू नका. अशा ऑफिसात चौघांकडे चार आवृत्त्या असतात आणि खरी, म्हणजे पाचवी, सर्व्हरवर असते. लाइव्हचा पूर्ण फोल्डर उतरवून घ्या आणि तीच पहिली नोंद करा. त्याआधी डेटाबेसच्या पासवर्डची कॉन्फिग फाइल, ग्राहकांनी चढवलेली चलनं-फोटो आणि लॉग हे सगळं ‘दुर्लक्ष करा’च्या यादीत टाका. पासवर्ड एकदा आत गेला की नंतर फाइल पुसूनही तो इतिहासात राहतो. मग दोन-तीन आठवडे रोज सकाळी तोच फोल्डर पुन्हा उतरवा, फरक बघा, नोंद करा. कुणी बदल केला हे त्यातून कळणार नाही, पण कुठल्या दिवशी कुठली ओळ बदलली ते कळेल.

कधी तरी भाड्याचा आकडा चुकेल आणि सर विचारतील, “काल काय बदललं?” तेव्हा गिट हा शब्दही न काढता त्यांच्यासमोर दोन रकाने ठेवा, डावीकडे कालची ओळ आणि उजवीकडे आजची. ‘जुनी_२’ ठेवण्यामागचा त्यांचा हेतू बरोबरच आहे. बिघडलं तर परत फिरता यावं, एवढंच त्यांना हवंय. ते त्यांना पाच सेकंदांत फिरून दाखवा.

पासवर्डचं काम याच्याही आधी घेतलंत तरी हरकत नाही. त्यासाठी पीएचपीची आवृत्ती बदलावी लागते असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. पासवर्ड बीक्रिप्ट पद्धतीने साठवणारं ‘पासवर्ड_हॅश’ हे फंक्शन ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून भाषेतच आहे. एमडी५ वेगासाठी बनलंय आणि तेच इथे घातक ठरतं, कारण साधं ग्राफिक्स कार्डसुद्धा सेकंदाला अब्जावधी पासवर्ड ताडून बघू शकतं. बीक्रिप्ट मुद्दाम हळू ठेवलेलं आहे.

इथे हमखास एक घोटाळा होतो. एमडी५ चा निकाल ३२ अक्षरांचा असतो, म्हणून टेबलातला रकाना बहुधा ३२ चाच केलेला असतो. बीक्रिप्टचा निकाल ६० अक्षरांचा. जुनं मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) कडक मोडमध्ये नसेल तर ते उरलेली २८ अक्षरं गुपचूप कापतं. एररचा संदेश येत नाही आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच लॉगिन होत नाही. म्हणून आधी रकाना २५५ चा करा, मग कोड बदला. पुढे ज्याचा जुना एमडी५ जुळेल त्याचा पासवर्ड त्याच लॉगिनच्या वेळी नव्या पद्धतीने साठवायचा. वर्षभर न फिरकलेल्या खात्यांसाठी जुन्या एमडी५ वरच बीक्रिप्ट चढवा आणि अशा खात्यांना खूण करून ठेवा. वापरणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, कुणाचा फोन येत नाही. सरांना पटण्यासारखी गोष्ट हीच.

पीएचपी बदलणं मात्र खरोखर मोठं काम आहे आणि सरांची भीती तिथे अनाठायी नाही. ‘मायएसक्यूएल_’ने सुरू होणारी सगळी जुनी फंक्शनं ७.० मध्ये काढून टाकली. ती आधी ५.६ वरच मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ या डेटाबेसशी बोलायच्या नव्या पद्धतींवर आणा, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलेल. मग चाचणीच्या मशीनवर ७.४ आणि सगळे इशारे संपल्यावर ८. आठमध्ये शून्याची अक्षरांशी तुलना बदललीय. पूर्वी शून्य आणि ‘एबीसी’ समान ठरायचे, आता ठरत नाहीत. ‘स्टेटस शून्य असेल तर’ अशा अटी जिथे जिथे आहेत त्या हाताने तपासा.

आणि मराठी नावं! जुन्या टेबलात बाइट यूटीएफ-८ चे (युनिकोडचे) असतात, पण टेबल स्वतःला लॅटिन-१ (फक्त रोमन लिपीचं) म्हणवत असतं. दोन्हीकडून सारखीच चूक होत असल्याने आजवर सगळं नीट दिसतं. नव्या जोडणीने खरं सांगितलं की ‘मुंबई’च्या जागी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन ‘ए’ आणि चलनाचं गोल चिन्ह अशी रांग दिसू लागते. डेटा खराब झालेला नसतो, म्हणून घाबरून त्याच पडद्यावर सेव्ह करू नका. डम्प (डेटाबेसची पूर्ण प्रत) घेताना कॅरेक्टर सेट लॅटिन-१ सांगा म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतील. मग डम्पच्या फाइलमधली टेबलांची घोषणा आणि सुरुवातीची ‘सेट नेम्स’ची ओळ यूटीएफ-८-एमबी-४ करून फाइल परत आत घ्या. आधी कॉपीवर.

सरांशी बोलायचं ते तारखांवर. “हे जुनं झालंय” म्हटलं की समोरच्याला “तुम्ही जुने झालात” ऐकू येतं. त्याऐवजी एका पानावर लिहा की ५.६ च्या सुरक्षा-दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ ला थांबल्या, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. आपले लॉग किती दिवसांचे आहेत, एवढाच प्रश्न खाली लिहा. बदलाचा दिवस रविवार सकाळचा धरा. महिनाअखेर आणि गणपतीआधीचा आठवडा टाळा. जुना सर्व्हर निदान महिनाभर तसाच उभा राहू द्या.

प्रश्न : मी एसी दुरुस्तीच्या दुकानात सहा वर्षं काम करतो. आमचे शेठ जुने मेकॅनिक आहेत, हाताला यश आहे. पण कुठलाही एसी असो, गॅस भरताना गेजवर (दाबमापकावर) सत्तर पीएसआय झाले की “बस, बंद कर”. नव्या मशीनवर दोन दिवसांत तक्रार येते, कॉइलवर बर्फ. शेठ म्हणतात फिल्टर घाण असेल.
— एक वाचक, परळ

उत्तर : शेठचा सत्तरचा आकडा आर-२२ या जुन्या गॅसचा आहे आणि आर-२२ साठी तो चोख आहे. ७० पीएसआयला आर-२२ साधारण ५ अंशांवर उकळतो, म्हणजे कॉइल थंडगार पण गोठणार नाही इतकी. तेच ७० पीएसआय आर-४१०ए किंवा आर-३२ या नव्या गॅसवर दिसत असतील तर कॉइलमध्ये उणे ९-१० अंश चाललेत. मुंबईच्या दमट हवेत त्यावर बर्फ धरणारच. फिल्टर घाण असला तरी बर्फ धरतो हे खरं, म्हणून तो आधी धुऊन घ्या आणि तो मुद्दा संपवा. या नव्या गॅसला ५ अंशांसाठी १२० पीएसआयच्या आसपास लागतात.

हे शेठना तोंडी सांगू नका, गेज दाखवा. डायलवर दाबाच्या आकड्यांच्या आत वेगवेगळ्या गॅसच्या तापमानाच्या रिंगा छापलेल्या असतात. आर-२२ ची रिंग आणि आर-४१०ए ची रिंग शेजारी वाचली की वाद उरत नाही. गेज मात्र नव्या गॅसचंच हवं. ४५ अंश कंडेन्सिंगला (बाहेरच्या कॉइलमध्ये गॅसचा द्रव होतो त्या तापमानाला) आर-२२ चा हाय साइडचा दाब २३५ पीएसआयच्या घरात असतो आणि आर-४१०ए चा ३८० च्या. जुने पाइप आणि जुने गेज त्या दाबाचे नसतात.

इन्व्हर्टर मशीनवर तर दाब बघून गॅस भरणं सोडूनच द्या. कॉम्प्रेसरचा वेग खोलीप्रमाणे बदलतो, त्यामुळे सुई कुठेही थांबते. तिथे वजनकाटा लागतो. उरलेला गॅस काढून घ्या, गळती शोधा, कोरड्या नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करा (ऑक्सिजनने कधीही नाही, तेलाबरोबर त्याचा स्फोट होतो), व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप) उतरवा आणि पंप बंद करून दहा मिनिटं बघा. आकडा चढत राहिला तर गळती किंवा ओल आहे. मग नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम भरा. पाइप नेहमीपेक्षा लांब असेल तर दर मीटरला किती वाढवायचे ते मॅन्युअलमध्ये असतं. आर-४१०ए दोन गॅसचं मिश्रण आहे, तो सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्या.

व्हॅक्यूमवर शेठचा वेळ जातो हा त्यांचा दुसरा आक्षेप असेल. आर-२२ च्या काळात पाइपमधून थोडा गॅस सोडून हवा बाहेर घालवली की भागायचं, कारण तेव्हाचं मिनरल ऑइल ओल धरत नव्हतं. नव्या गॅसबरोबरचं पीओई तेल ओल ओढून घेतं, मग आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खातं. कमी गॅसवर चालवलं तरी तोच मरतो, कारण आत परतणारा थंड गॅसच त्याच्या मोटरला गार ठेवतो. दुकानाच्या वहीत गेल्या सहा महिन्यांत पुन्हा आलेल्या तक्रारी बघा आणि प्रत्येकीपुढे गॅसचं नाव लिहा. फुकटच्या फेऱ्यांचा हिशेब शेठना लगेच कळेल, धंदा त्यांनीच केलाय.

आर-३२ पेट घेऊ शकतो. पाइपात तो असताना ब्रेझिंगची (पाइप जोडायची) ज्योत लावू नका, आणि आर-२२ च्या मशीनमध्ये तो कुणी कितीही सांगितलं तरी भरू नका.

प्रश्न : मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, नोकरीला तीन वर्षं. सात मजली पुनर्विकासाचं काम आहे. आमचे मोठे साहेब ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून आलेलं सगळं कागदावर पुन्हा काढायला लावतात, हा निव्वळ वेळेचा अपव्यय. वर कॉलम ९ इंचीच हवेत असा हट्ट, “तीस वर्षं असेच केलेत, एक पडला नाही.”
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : दोन तक्रारी आहेत. पहिलीत साहेब बरोबर आहेत, तुम्ही नाही.

सॉफ्टवेअर गणित चुकत नाही, पण दिलेलं चुकीचं असेल तर चुकीचंच उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत देतं. ४ बाय ४ मीटरचा भाग वाहणारा कॉलम घ्या. क्षेत्र १६ चौरस मीटर, मजल्यामागे सगळं धरून चौरस मीटरला १२ किलोन्यूटन, सात मजले, म्हणजे १,३४४ किलोन्यूटन. ईटॅब्स ९०० दाखवत असेल तर भिंतींचा भार किंवा गच्चीवरची टाकी टाकायची राहिलीय. दीड हजार दाखवत असेल तर चालेल. साध्या टेकूच्या बीमला वाकवणारा मोमेंट म्हणजे डब्ल्यू (मीटरमागचा भार) गुणिले एल (गाळा) वर्ग, भागिले आठ. मीटरला २० किलोन्यूटन आणि ५ मीटर गाळा असेल तर ६२.५ किलोन्यूटन-मीटर. याला प्रत्येक कॉलममागे दोन मिनिटं लागतात. सगळं नाही, पण प्रत्येक प्रकारातला एक कॉलम आणि एक बीम असा काढाच, आणि तो कागद फाइलला लावा.

कॉलमच्या बाबतीत मात्र साहेब जुन्या संहितेत अडकलेत. मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते आणि आयएस १३९२० या भूकंपविषयक संहितेची २०१६ ची आवृत्ती तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या क्षेत्रांतल्या आरसीसी इमारतींना लागू आहे. तिच्यात कॉलमची किमान बाजू ३०० मिमी आहे. शिवाय तिथून जाणाऱ्या बीमच्या सगळ्यात जाड सळईच्या २० पट, म्हणजे सळई २० ची असेल तर ४००. १९९३ च्या आवृत्तीत सर्वसाधारणपणे २०० चालत असे, साहेबांचे ९ इंच, म्हणजे २३० मिमी, तिथून आलेत. सांध्यात सळईला धरायला पुरेशी लांबी मिळाली नाही तर हादऱ्यात ती सरकते, म्हणून हा बदल. “एक पडला नाही” याचं उत्तर त्या इमारतींवर तेवढा भूकंप अजून आला नाही, इतकंच. ते साहेबांना ऐकवू नका. संहितेचं पान काढून समोर ठेवा.

खरी अडचण कॉलम भिंतीबाहेर आला की फ्लॅटधारक कुरकुरतात ही आहे, आणि साहेबांना तिचाच जाच आहे. मग तोडगाही तिथला द्या. कॉलमचा जाड भाग कपाटाच्या किंवा शौचालयाच्या डक्टच्या बाजूला वळवा. लांबी जाडीच्या चौपट किंवा जास्त झाली तर तो कॉलम न राहता भिंत म्हणून गणता येतो, पण मग सळईची मांडणीही भिंतीच्या कलमांनुसार पूर्ण करावी लागते. नुसतं नाव बदलून सुटका नाही.

जाता जाता साइटवर कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा बघा. हूक १३५ अंशांत वळलेला आणि पुढे निदान ६५ मिमी आत गेलेला हवा. फिटर सवयीने ९० वर सोडतो, कारण बसवायला सोपं. वरचं काँक्रीट उडालं की असा हूक उघडतो. किनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेप्रमाणे निदान एम३० दर्जा, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ४५ मिमी, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५. मिक्सरमध्ये “थोडं पाणी मार” म्हणणारे साहेब कुठल्याही वयाचे असतात.

प्रश्न : लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये डीटीपी करते. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवतं आणि आमचे मालक तो पुन्हा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप करायला लावतात. पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर सोडायला तयार नाहीत.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून दुसऱ्या मशीनवर तीच फाइल अगम्य रोमन दिसते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. तिला युनिकोड देवनागरी जोडता येत नाही. मालकांचा साज मात्र जपा. पत्रिकेच्या मथळ्याची नक्षीदार वळणं जुन्या फाँटमध्ये खरंच सुंदर आहेत. मथळा आणि नावं त्यातच करून कर्व्हमध्ये (अक्षरांच्या नुसत्या आकृतीत) बदला, बाकी मजकूर इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडने. परिच्छेदाचा कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ निवडा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. भाषा मराठी ठेवा, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फाँट मोफत आहे, तो लावून मालकांना एक पान छापून दाखवा. पडद्यावर नको, कागदावर.

रूपांतराचं सॉफ्टवेअर वापरलंत तर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे ‘स्थिती’, ‘चंद्रिका’ अशा शब्दांत ती भलत्या अक्षरावर जाऊन बसते. दुसरी जागा अर्ध्या ‘ऱ’ची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढं अंतर आहे, आणि पत्रिका हजार प्रतींत गेलेली असते. ‘ॲ’, ‘ऑ’, ‘द्ध’, ‘ह्म’, आकडे आणि अवतरणचिन्हं हीही तपासा. टाइप न करता वाचलेला वेळ या तपासणीत घालवा. गिऱ्हाइकाने पाठवलेला मूळ मजकूर शेजारी छापून घ्या आणि नावं उलटीकडून, शेवटच्या ओळीपासून वर वाचा.

प्रश्न : मी ५६ वर्षांचा विभागप्रमुख. तुमच्या या पत्रांतला ‘साहेब’ मीच. मुलं बैठकीत मान डोलावतात आणि मग आपल्या मनाने करतात. नवं सगळं शिकणं आता होणार नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळं शिकू नका. प्रत्येक प्रस्तावाला तीनच गोष्टी विचारा. हे केलं नाही तर काय बिघडेल आणि कधी? केलं आणि फसलं तर जुन्यावर परत यायला किती मिनिटं लागतील? ते परत येणं कुणी करून बघितलंय का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. या शुक्रवारी एका मुलाला सांगा की गेल्या आठवड्याचा बॅकअप रिकाम्या मशीनवर माझ्यासमोर चढवून दाखव. तुम्ही शेजारी खुर्ची घेऊन बसा, माउसला हात लावू नका आणि कळलं नाही तिथे लगेच विचारा. किती वेळ लागला तो वहीत लिहून ठेवा.